पीसीपी रायफल : आधी हवेचे बघा

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे पॅरिसचे (2024) कांस्यपदक 50 मीटरचे, काडतुसाच्या रायफलीचे. नवखा नेमबाज मात्र 10 मीटरवर, 4.5 मिलिमीटर छर्‍याच्या एअर रायफलीने सुरुवात करतो. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढताच दट्ट्या धावतो आणि नेम हलतो. पीसीपीत आधीच दाबून भरलेली हवा छर्‍याला ढकलते, त्यामुळे हिसका नगण्य. कल्पना जुनीच. 1780च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने गिरार्डोनीची अशी रायफल घेतली होती. तिची टाकी भरायला सुमारे दीड हजार वेळा पंप मारावा लागे!

म्हसवडच्या पालकाने म्हणून दुकानात पहिला प्रश्न हवेचा विचारावा. टाकीला साधारण 200 बार दाब लागतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर दहाच्या आसपास थांबतो. उरतो खास हातपंप. त्याला दम लागतोच, शिवाय दाबलेल्या हवेतला ओलावा पाणी होऊन आत साचतो, माणदेशाच्या कोरड्या हवेतसुद्धा. ओलावा शोषणारी गाळणी असलेलाच पंप घ्यावा. जुनी रायफल स्वस्त मिळाली तर टाकीवर कोरलेली मुदत आधी वाचावी. ती संपलेली टाकी स्पर्धेत चालत नाही. ‘जास्त ताकदीची’ रायफल तर नकोच: 2016च्या शस्त्र नियमांनुसार 20 ज्यूलच्या वर परवाना लागतो, आणि 10 मीटरवरच्या कागदाला तेवढा जोर लागत नाही.