लोणारचे गोडे पाणी आणि खारे पाणी

मुरुडकरांना खारे पाणी नवे नाही. परंतु समुद्रापासून इतक्या दूर, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला, आम्ही खाऱ्या सरोवराच्या काठी उभे राहतो तेव्हा नवल वाटते. पुराण म्हणते, विष्णूने येथे लवणासुर मारला. म्हणून गावात दैत्यसूदनाचे मंदिर. शास्त्र म्हणते, उल्का आदळून बेसाल्टात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पडले. पाण्याला बाहेर वाट नाही; ते आटते, क्षार मागे राहतात. यात्रेकरूंचे परंपरागत स्नान मात्र काठावरील ‘धार’ तीर्थाच्या गोड्या पाण्याचे. २०२० साली सरोवरास रामसर दर्जा मिळाला. त्यातील सूक्ष्म जीव क्षारांवरच तगून आहेत. तेव्हा गावचे सांडपाणी खाली उतरू न देणे, हीच आजची खरी तीर्थसेवा होय.