अलास्काची सफर जूनमध्येच

अलास्काच्या क्रूझ मुख्यतः मे ते सप्टेंबर चालतात. किशोरवयीन मूल सोबत असलेल्या नागपूरकर कुटुंबाने त्यातला जूनचा पहिला पंधरवडा गाठावा. विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनअखेरीस उघडतात. जूनच्या त्या पंधरवड्यात अलास्कातल्या जुनोला दिवस सुमारे १८ तासांचा असतो आणि हंपबॅक देवमासे दिसतात. मे स्वस्त पडतो हे खरे. पण तेव्हा उंचावरच्या डोंगरवाटा बर्फाखाली असतात, आणि पायी भटकंतीच हुकली तर पंधरा वर्षांच्या मुलाला आठवडाभर जहाजावर उरते काय? ग्लेशियर बेमध्ये शिरणारीच क्रूझ निवडावी. १७९४ मध्ये जवळजवळ पूर्ण हिमनदीने भरलेली ही खाडी आज सुमारे १०० किलोमीटर आत खुली आहे. पुस्तकातली हिमनदी इतकी खरी वाटणार नाही.

अमेरिकेतल्या सिएटलहून निघून सिएटललाच परतल्यास कॅनडाचा व्हिसा कशाला, असे अनेकांना वाटते. मात्र १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजांना वाटेत परदेशी बंदर घ्यावेच लागते, बहुधा कॅनडातले व्हिक्टोरिया. म्हणून भारतीय पासपोर्टधारकांनी अमेरिकेच्या बहुप्रवेश व्हिसासोबत कॅनडाचा व्हिसाही आधीच काढावा, मुलाचासुद्धा.