कारागिरांच्या नाटकापासून प्रारंभ

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत (१५५८–१६०३) इंग्लंडमध्ये जी नाटके लिहिली गेली, ती वाचली जावीत या हेतूने लिहिलेली नव्हती. आपल्याकडील मुलांची शेक्सपिअरशी पहिली ओळख मात्र बहुधा लॅम भावंडांनी १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या कथांतून, आणि पुढे परीक्षेसाठी नेमलेल्या सटीप आवृत्तीतून होत आली. कथेत प्रसंग कळतो, टीपेत शब्दार्थ कळतो. नाटक दोहोंतूनही निसटते. जेफ्री केंडल यांच्या ‘शेक्सपिअराना’ या फिरत्या मंडळीने स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास, आणि पुन्हा १९५० नंतरच्या दशकात, भारतातील अनेक शाळांतून प्रयोग करून ही उणीव काही अंशी भरून काढली. तरुण उत्पल दत्त याच मंडळीत काम करीत होते. तथापि प्रयोग पाहणे निराळे आणि स्वतः करणे निराळे.

भिलाईसारख्या नगरातील शिक्षकास याकरिता दूर जाण्याचे कारण नाही. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा कामगारांच्या मुलांसमोर प्रथम कोणते नाटक ठेवावे? राजपुत्र हॅम्लेटची व्यथा नंतर पाहता येईल. १५९५–९६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात सहा कारागीर आहेत: सुतार, विणकर, शिंपी, भांडी सांधणारा, जोडकाम करणारा आणि भाते दुरुस्त करणारा. (झोतभट्टी म्हणजे तरी काय, एक प्रचंड भाताच नव्हे काय?) राजाच्या विवाहप्रसंगी आपणही नाटक करावे, असे हे सहा जण ठरवितात. कामावरून सुटलेली माणसे तालमीला जमतात. हे दृश्य मुलांच्या ओळखीचे असते.

या प्रवेशांत त्या काळच्या रंगभूमीची सारी कार्यपद्धती सहजगत्या उलगडते. तेव्हा नटास संपूर्ण नाटक मिळत नसे. त्याच्या स्वतःच्या भाषणांची गुंडाळी तेवढी त्याच्या हाती येई. प्रत्येक भाषणापूर्वी समोरच्याच्या वाक्याचे अखेरचे काही शब्द लिहिलेले असत. ते कानी पडताच बोलावयाचे. भातेवाला फ्लूट हे न समजून ते शब्दही आपल्याच भाषणात जोडून एका दमात म्हणून टाकतो, आणि सूत्रधार क्विन्स कपाळाला हात लावतो. वर्गातील मुलांना पुस्तकाऐवजी अशाच चिठ्ठ्या द्याव्यात. आपली पाळी केव्हा येईल हे ठाऊक नसल्याने प्रत्येकास दुसऱ्याचे बोलणे कान देऊन ऐकावे लागते. एरवी वाचनाच्या तासाला हेच होत नाही.

फ्लूटला नायिकेची भूमिका मिळते तेव्हा, आपल्याला दाढी फुटू लागली आहे, अशी तो तक्रार करतो. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्या मराठी घरांत आणि परीची भूमिका पुरुषच करतो त्या छत्तीसगढी नाचाच्या मुलखात या तक्रारीवर टीप नको. भिंत हवी तर एक माणूस भिंत होऊन उभा राहतो आणि बोटांची फट करून दाखवितो. चंद्र हवा तर कंदील पुरतो. देखाव्यावाचून चालणारी ही रंगभूमी शाळेच्या ओट्यावर अगदी तशीच उभी राहते.

मग शेवटचा अंक येतो. कारागिरांचे नाटक चालू असता दरबारातील मंडळी त्यांची चेष्टा करतात, आणि मुलांपैकी कोणीतरी विचारतोच, ‘ते का हसतात?’ शिक्षकाने हा प्रश्न टाळू नये. शेक्सपिअरचा स्वतःचा बाप हातमोजे करणारा होता. हास्य कोणत्या बाजूने फिरवावयाचे हे त्याने नटांच्या हाती ठेवले आहे. रायपूरचे हबीब तनवीर यांनी १९९३ साली या नाटकाचे ‘कामदेव का अपना बसंत ऋतु का सपना’ हे रूपांतर रंगभूमीवर आणले, तेव्हा कारागिरांच्या भूमिका छत्तीसगढच्या ग्रामीण नटांकडे दिल्या. विनोदात मुरलेले नट अनाडी नटांचे सोंग घेऊ लागले की हसणे दरबाराच्या हाती राहत नाही. मुलांनी हा प्रवेश दोनदा करून पाहावा: एकदा कारागीर खरोखरीच वेंधळे आहेत असे समजून, आणि एकदा त्यांना आपल्या कामाची पूर्ण आस्था आहे असे समजून. शब्द तेच राहतात. बदल कोठे होतो, हे करणाऱ्या मुलांना प्रेक्षकांच्या आधी कळते.

मूळ इंग्रजी ओळी यानंतर हाती द्याव्यात. तालमीत कारागीर गद्यात बोलतात आणि दरबारातील प्रेमिक पद्यात, हे तोवर कोणी सांगावे लागत नाही.