बत्ती डोळे मिचकावत नाही

आधी दादाची मोटारसायकल खळ्यात आणा आणि तिचा दिवा लावा. हां, असा. आता बघा, उजेड कुठवर जातो? थेट कुंपणाजवळच्या त्या शेवटच्या माडापर्यंत. आता दादा पुढची काच उघडून बल्ब तारेसकट बाहेर काढील. हात लावू नका कोणी, चटका बसेल. बल्ब तोच, ३५ वॉटचा. बॅटरीही तीच. पण माड गेला काळोखात, आणि तुळशीवृंदावन, विहिरीचा कठडा, पडवीतलं तुमच्या आजीचं वैतागलेलं तोंड असं सगळं दिसायला लागलं. उजेड वाढलाही नाही आणि घटलाही नाही. मघाशी पाठीमागचा वाकडा आरसा त्याला गोळा करून एका वाटेने धाडत होता. आता तो दाही दिशांना सांडतोय.

बत्तीघराची सगळी विद्या या सांडलेल्या उजेडाची आहे. समुद्रावरच्या माणसाला आकाशातला उजेड नको असतो, बत्तीघराच्या पायथ्याचाही नको असतो. त्याला हवा असतो क्षितिजाकडे जाणारा उजेड. बाकीचा सगळा वाया.

दादाला यंदा किनाऱ्यावरच्या बत्त्यांचे फोटो काढण्याचं वेड लागलं आणि मागच्या सीटवर मी बसलो. या वयात कंबर मोडून घ्यायची हौस आहे का, असं घरात विचारलं गेलं. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. आपल्या गावात, मसुऱ्यात, बसून समुद्र दिसत नाही. आपल्या वाट्याला येते ती गड नदी आणि कालावलची खाडी. त्यामुळे बत्ती बघायची तर गाडीला किक मारावीच लागते. आचरा, मिठबाव, कुणकेश्वर, मग तारामुंबरीचा पूल ओलांडून देवगड. वाटेत कुणकेश्वराच्या देवळाला लागूनच समुद्र. तिथे थांबून धाकटीने विचारलं, "आजोबा, समुद्र संपता खंय?"

फार चांगला प्रश्न. समुद्र संपत नाही, आपली नजर संपते. पृथ्वी गोल आहे, पाण्याची पाठ पुढे पुढे खाली वळत जाते. वाळूत उभ्या असलेल्या धाकटीचे डोळे जमिनीपासून मीटरभर उंच, तर तिचं क्षितिज जेमतेम साडेतीन किलोमीटरवर. हिशेब सोपा आहे, शाळेतल्या वहीत लिहून ठेवा. डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला ३.६ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर ते आलं. २५ मीटर उंचीवरून १८ किलोमीटर. आता १०० मीटर उंच गेलात तर किती? ७२ म्हणाल, पण येतात ३६. उंची चौपट केली तरी अंतर दुप्पटच होतं. निसर्ग या बाबतीत कंजूष आहे. थोडी मदत मात्र हवा करते. समुद्रालगतची हवा दाट, वरची विरळ, म्हणून उजेडाची वाट किंचित खाली वाकते आणि बत्ती हिशेबापेक्षा थोड्या जास्त अंतरावरून दिसते.

आता सांगा, उंच मनोरा बांधणं महाग पडत असेल तर शहाणा माणूस काय करील? आयता डोंगर शोधील. आणि आयता डोंगर आपल्याकडे आधीच कोणी तरी शोधून ठेवला होता. देवगडची बत्ती १९१५ सालची, आणि ती आहे किल्ल्यात. रत्नागिरीची बत्ती रत्नदुर्गावर. हर्णैची कनकदुर्गावर. खांदेरीची १८६७ सालची, बेटावरच्या किल्ल्यात. खाली गोव्यात आग्वादची, १८६४ सालची, तीही किल्ल्यातच. हा योगायोग नाही. किल्लेदाराला लांबचं गलबत दिसायला हवं होतं, आणि गलबतावरच्या माणसाला बत्ती दिसायला हवी होती. मी तुला बघू शकतो म्हणजे तू मला बघू शकतोस, उजेडाची वाट दोन्ही बाजूंनी सारखीच. उजेडाचा हा गुण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

देवगडला संध्याकाळच्या ठरलेल्या वेळात तिकीट काढून बत्तीवर चढता येतं, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे पडतात. जिना चढताना माझा जीव मेटाकुटीला आला. वरच्या गॅलरीत मात्र अशी हवा लागली की दादाने टोपी खिशात कोंबली. एका बाजूला आनंदवाडीच्या बंदरातल्या होड्या, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. काळोख पडल्यावर आम्ही खाली रस्त्यावर येऊन थांबलो. झोत फिरायला लागला आणि धाकटी म्हणाली, "बत्ती डोळे कित्याक मिचकावता?"

तर ऐका. बत्ती डोळे मिचकावतच नाही. तुमच्या पणजोबांच्या काळापासूनच्या फिरत्या बत्तीत मधला दिवा एकदा लावला की रात्रभर शांतपणे जळत राहतो. फिरतं ते त्याच्या भोवतीचं भिंग. भिंगाला दोन, तीन, चार अशी तोंडं असतात आणि प्रत्येक तोंडातून एकेक झोत निघतो. सगळे झोत एकत्र गोल फिरतात. झोत तुमच्या डोळ्यांवरून गेला की तुम्ही म्हणता पेटली, पुढे गेला की म्हणता विझली. तेव्हा तीच बत्ती दुसऱ्या कोणासाठी पेटलेली असते.

आणि ते भिंग काय चीज आहे! त्याची गोष्ट फ्रान्समधली. ऑगस्तँ फ्रेनेल हा १७८८ साली जन्मलेला माणूस सरकारी नोकरीत रस्ते बांधायचा. प्रकृती नाजूक, पण डोक्यात सदैव उजेड. उजेड लाटांनी चालतो हे गणिताने पटवून देणाऱ्यांत तो पहिल्या रांगेतला. त्या काळी बत्तीत आरसे वापरत, आणि आरसे अर्धा उजेड स्वतःच गिळत. भिंग वापरावं तर एवढ्या मोठ्या दिव्याला इतकं जाड भिंग लागलं असतं की ते मनोऱ्याला पेलवलं नसतं, शिवाय जाड काच उजेड खाते ती वेगळीच. फ्रेनेलच्या लक्षात आलं की उजेडाला वाकवतो तो काचेच्या पृष्ठभागाचा उतार, आतली जाडी नाही. आपल्या घराच्या छपराचं बघा. प्रत्येक कौल त्याचा उतार न बदलता खाली अंगणात एकापुढे एक मांडलं तर घराची उंची जाईल, पण पाऊस पडल्यावर पाणी त्याच दिशेने वाहील. फ्रेनेलने भिंगाचं हेच केलं. जाड पोट काढून टाकलं, उतार तेवढे कड्याकड्यांनी शिल्लक ठेवले. त्यांच्या वर आणि खाली त्याने तिकोनी काचा बसवल्या. काचेतून बाहेर पडू पाहणारा किरण फार तिरका आला तर काच त्याला बाहेर सोडत नाही, आतल्या आत परतवते. त्या तिकोनी काचा आकाशात निसटणाऱ्या उजेडालासुद्धा पकडून क्षितिजाकडे वळवतात. १८२३ साली कॉर्दुआँच्या बत्तीघरात फ्रेनेलचं भिंग पहिल्यांदा लागलं. चार वर्षांनी, १८२७ साली, तो क्षयाने गेला. वय ३९. जगभरच्या खलाशांचे प्राण त्याच्या काचेने वाचवले, त्याला मात्र त्यातलं फारसं बघायला मिळालं नाही.

पहिल्या दर्जाचं फ्रेनेल भिंग एवढं मोठं असतं की आत माणूस उभा राहतो. वजन काही टन. ते रात्रभर सारख्या वेगाने फिरवायचं कसं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावर एक अफलातून तोड निघाली. भिंगाचा सगळा डोलारा पाऱ्याने भरलेल्या गोल कुंडात तरंगत ठेवायचा. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यात लोखंडसुद्धा तरंगतं. मग एवढं मोठं धूड एका बोटाने ढकललं तरी फिरतं. ते फिरवायला घड्याळासारखं चाकांचं यंत्र असे. त्याला दोरीने वजन टांगलेलं, ते हळूहळू खाली उतरत जाई, आणि बत्तीवाला रात्री उठून उठून किल्ली देत ते पुन्हा वर चढवी. पाऱ्याची वाफ विषारी, हे त्या बिचाऱ्यांना किती ठाऊक होतं कोण जाणे. आता बहुतेक ठिकाणी छोटे विजेचे दिवे आणि मोटर आल्या. ते बरंच झालं.

मघाचा गुण आठवा, उजेडाची वाट दोन्ही बाजूंनी सारखी. जुन्या बत्तीघरात सकाळी दिवा विझवला की पहिलं काम म्हणजे खोलीच्या काचांना पडदे लावणं. का बरं? दिव्याचा उजेड जे भिंग सरळ क्षितिजाकडे पाठवतं, तेच भिंग क्षितिजाकडून येणारा उजेड गोळा करून नेमका दिव्यावर आणून टाकतं. कोवळं ऊन पडलं तरी दिव्याचा सांगाडा तापेल, तेल-वात असेल तर पेटेलसुद्धा. रात्री जहाज वाचवणारी काच दिवसा स्वतःचंच घर जाळायची.

दादाच्या फोटोंची वेगळीच रडगाणी. "आजोबा, झोत फोटोत इलोच नाय!" अरे, झोत बाजूने दिसतो तो हवेतल्या कशावर तरी आपटून तुझ्याकडे वळला तरच. डिसेंबरच्या कोरड्या, स्वच्छ रात्री उजेड तुझ्यासमोरून मुकाट्याने निघून जातो. मृगाच्या आधी हवेत ओल भरली की पाण्याचे बारीक कण त्याला अडवतात आणि मग झोत डोळ्यांना दिसतो. कॅमेऱ्याचं झाकण आठ-दहा सेकंद उघडं ठेवलं तर फिरणारे झोत एकाच फोटोत चाकाच्या आऱ्या होऊन येतात. त्यासाठी तिकाटणं हवं. वेळ निवडायची ती सूर्य बुडाल्यानंतरची वीसेक मिनिटं, आकाशात निळाई शिल्लक असताना. नाही तर फोटोत काळ्यावर एक पांढरा ठिपका, आणि तो बघायला पुन्हा मलाच बोलावणार.

एक बत्ती मात्र मोटारसायकलीच्या आवाक्याबाहेर राहिली. मालवणहून दक्षिणेला परुळे-भोगवेमार्गे निवतीला गेलं की रस्ता संपतो आणि समोर समुद्रात खडकांचा पुंजका दिसतो. वेंगुर्ला रॉक्स. त्यावर बत्ती आहे. पावसाळ्यात तिथे होडी लागण्याची गोष्टच नको. निवतीच्या किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेल्या एकाला मी विचारलं, आता सगळ्यांकडे जीपीएस आलं, बत्ती कोण बघतो? जाळ्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "जीपीएस असा. पण बॅटरी बसली काय बत्तीच आपली."

आता खरी गंमत ऐका. त्या खडकांवर माणसाने कष्टाने उजेड पेटवला, आणि त्याच पुंजक्यातल्या गुहांत एक पाखरू उजेडाशिवाय संसार करतं. भारतीय पाकोळी. तळहातावर मावेल एवढी. आपल्या लाळेने घरटं बनवते. काळ्या गुहेत भिंतीला चिकटवलेल्या शेकडो घरट्यांतून ती आपलं घरटं शोधते. "काळोखात दिसता कसा तिका?" दिसत नाहीच. ती टिकटिक असा आवाज करत उडते, आणि भिंतीवरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकून वाट ठरवते. वटवाघूळही हेच करतं, पण त्यातल्या बहुतेकांचे आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाहीत. पाकोळीची टिकटिक माणसाला ऐकू येते. हुमायून अब्दुलअली या पक्षीशास्त्रज्ञाने १९४२ साली या खडकांवरच्या पाकोळ्या आणि सुरय पक्ष्यांवर लिहून ठेवलं. पाकोळीची घरटी पूर्वेकडच्या देशांत सूपसाठी विकली जातात, म्हणून ती चोरून काढली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ती चोरी उघडकीला आणून पाकोळीच्या रक्षणाचं काम केलं. तेव्हा निवतीचा कोणी नावाडी "चला, गुहा दाखवतंय" म्हणाला तरी घरट्यांच्या हंगामात आत शिरायचं नाही. फोटोच्या लखलखाटाने घाबरून पाखरू उडालं तर भिंतीवरचं अंडं खाली पडतं.

बत्तीचं एक काम राहिलंच. प्रत्येक बत्तीची झोतांची लय वेगळी ठेवलेली असते, शेजारच्या बत्तीशी गल्लत होऊ नये म्हणून. कोणाचा एकच झोत ठराविक सेकंदांनी, कोणाचे दोन लागोपाठ आणि मग मोठी विश्रांती. खलाशांच्या पुस्तकात किनाऱ्यावरच्या प्रत्येक बत्तीची ही लय छापलेली असते. काळ्या रात्री तांडेल नुसते सेकंद मोजतो आणि आपण कोणत्या गावासमोर आहोत ते ओळखतो. दिवसा बत्ती ओळखायला मनोऱ्याचा रंग आणि पट्टे.

म्हणून देवगडला, वेंगुर्ल्याला, रत्नागिरीला कुठेही गेलात तर मोबाइल बाहेर काढण्याआधी घड्याळ काढा. झोतांची लय सुरू झाल्यापासून ती पुन्हा सुरू होईपर्यंतचे सेकंद मोजा, दहा वेळा मोजा, सरासरी काढा आणि वहीत गावाच्या नावापुढे लिहा. दुसऱ्या दिवशी वर चढलात की बत्तीघरातल्या माणसाला विचारा, बरोबर आलं का म्हणून. आणि ड्रोन घरीच ठेवा. तिथे तो परवानगीशिवाय उडवता येत नाही.