निळी काच काय करते?

"निळी काच पांढऱ्या प्रकाशाला निळा रंग देते," हे उत्तर दरवर्षी निदान दहा-बारा उत्तरपत्रिकांत तरी मला भेटते आणि मी त्याखाली लाल रेघ ओढतो. का, ते एका खोलीच्या निमित्ताने पाहू.

अमेरिकेत शिकागो शहरातील रोझहिल दफनभूमीत १९१४ सालचे एक भव्य समाधिगृह आहे. तेथे शवपेट्या जमिनीत न पुरता भिंतींतील कोनाड्यांत ठेवतात. धनिक घराण्यांच्या तर स्वतंत्र खोल्याच आहेत. त्यांतली एक जॉन शेड या व्यापाऱ्याची. शिकागोचे प्रसिद्ध मत्स्यालय यांच्याच देणगीतून उभे राहिले. पण ते १९३० साली उघडले, आणि शेड तर १९२६ सालीच वारले होते. त्यांच्या खोलीची रंगीत काचांची खिडकी लुई टिफनी यांच्या कारखान्यातली. तिच्यातून उतरणाऱ्या निळसर उजेडात आपण पाण्याखाली उभे आहोत असा भास होतो.

हा भास म्हणजे केवळ कलावंताची करामत नव्हे. सूर्यप्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सारे रंग असतात, हे तुम्ही जाणताच. निळी काच करण्याचा जुना मार्ग म्हणजे वितळलेल्या काचेत कोबाल्टचे संयुग मिसळणे. शंभरात एका भागाहूनही कमी पुरते! कोबाल्टचे आयन पिवळा, नारिंगी आणि बराचसा तांबडा प्रकाश शोषून घेतात, निळा निसटतो. म्हणजे काच रंग देत नाही, काढून घेते. समुद्राचे पाणीही तेच करते. तेथे शोषण पाण्याच्या रेणूंच्या कंपनांमुळे होते, इतकाच फरक. खोल जाताना पहिला बळी तांबड्याचा. निळा सर्वांत दूर पोचतो.

साध्या निळ्या काचेतून मात्र जमिनीवर नुसता कवडसा पडला असता आणि उन्हाबरोबर सरकला असता. टिफनी यांची काच बहुधा दुधाळ असे. तिच्यातील अतिसूक्ष्म कण प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, त्यामुळे कवडसा न पडता खोलीभर सौम्य उजेड पसरतो.

आता वहीतली एखादी लाल रेघ निळ्या जिलेटिन कागदातून पाहा. ती काळपट दिसेल, कारण तिच्याकडून येणारा तांबडा प्रकाश वाटेतच अडला. मग त्या निळ्या कागदावर तांबडा जिलेटिन कागद ठेवून दोन्ही खिडकीकडे धरा. काय उरते?