ट्राउट आणि महाशीर : दोन मासे, दोन अर्थकारणे

हिमालयातील नद्यांवर गळ घेऊन येणाऱ्या हौशी मासेमारांना प्रामुख्याने दोन माशांचे आकर्षण असते : तपकिरी ट्राउट आणि सोनेरी महाशीर. क्रीडा-मत्स्य म्हणून दोघांची गणना एकत्र होत असली, तरी त्यांचे मूळ आणि जीवनक्रम भिन्न आहेत. साहजिकच दोघांसाठी एकच विकासधोरण उपयोगी पडत नाही.

पाहुणा आणि मूळ रहिवासी

तपकिरी ट्राउट मूळचा युरोपातील. काश्मीरसाठी पाठविलेली त्याची पहिली खेप वाटेतच नष्ट झाली; १९०० मध्ये आलेली दुसरी खेप मात्र यशस्वी ठरली. पुढे तो हिमाचल प्रदेशातील नद्यांतही स्थिरावला. त्याला २० अंश सेल्सिअसपेक्षा थंड, स्वच्छ व भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. प्रजननकाळ हिवाळ्यात येतो.

महाशीर हा रोहू-कटल्याच्या कुळातील, याच भूमीतला मासा. डोंगरपायथ्याच्या काहीशा उबदार नद्या हे त्याचे घर. मोठे खवले आणि प्रवाहाविरुद्ध झुंजण्याची ताकद ही त्याची ओळख. पावसाळ्यात पाणी चढले की तो अंडी घालण्यासाठी उपनद्यांत वर जातो आणि पूर ओसरताना परततो. हा प्रवास खंडित झाला की त्याची पैदासही खंडित होते.

उत्पन्नाचे दोन मार्ग

ट्राउटची मादी हाताळून अंडी काढता येतात, ती उबवणी केंद्रात फलित करता येतात आणि पिले वाहत्या पाण्याच्या हौदांत वाढविता येतात. काश्मीरमधील कोकरनाग किंवा कुलू खोऱ्यातील पतलीकुहल येथील केंद्रे याची उदाहरणे होत. काश्मीरमध्ये प्रवाहांचे टप्पे पाडून परवाने दिले जातात. नदीतील मासे कमी झाले, तर केंद्रातील पिले सोडून भर घालता येते. मात्र या सोयीचीही किंमत आहे : असेल्यासारख्या स्थानिक माशांना अन्न व जागेसाठी या पाहुण्याशी स्पर्धा करावी लागते.

महाशीरचे अर्थकारण याच्या उलट आहे. तो सावकाश वाढतो. म्हणून त्याचे मोल ताटात नसून नदीत आहे. पकडून काळजीपूर्वक पुन्हा सोडलेला मोठा मासा पुढील हंगामांतही पर्यटक आणू शकतो आणि वाटाडे, स्वयंपाकी, नावाडी यांना रोजगार देऊ शकतो. सुरुंग लावून वा विष टाकून मारलेला मासा एकदाच विकला जातो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत पहिले व्याज आहे, तर दुसरी मुद्दलाची उधळपट्टी.

कावेरीचा धडा

मग ट्राउटप्रमाणे महाशीरचेही बीज तयार करून नद्यांत सोडावे, हा उपाय सुचणे स्वाभाविक आहे. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वीपणे केले. परंतु कृष्णा खोऱ्यातील निळ्या पराच्या महाशीरची बोटुकली कावेरीत सोडली गेली, तेव्हा उद्देश चांगला असूनही परिणाम वेगळा झाला. ही जात तेथे फोफावली आणि कावेरीचा मूळ कुबडी महाशीर मागे पडला. धरणे, वाळूउपसा व बेकायदा मासेमारी यांचा भार त्यावर होताच. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. माशांची संख्या वाढणे म्हणजे संवर्धन नव्हे, हाच याचा अर्थ.

धोरणाची दिशा

ट्राउटसाठी उबवणी केंद्र, थंड पाणी आणि परवान्यांची शिस्त बहुतांशी पुरेशी आहे. त्याचा प्रसार नव्या प्रवाहांत करू नये, एवढे पथ्य हवे. महाशीरसाठी मात्र नदी वाहती राहणे अपरिहार्य आहे. बीज त्याच खोऱ्यातील असावे, पैदाशीच्या उपनद्या मोकळ्या राहाव्यात आणि परवान्यांच्या उत्पन्नातील वाटा काठावरील ग्रामपंचायतींना मिळावा. जलविद्युत प्रकल्पाचा लाभ-व्यय मांडताना निर्माण होणाऱ्या युनिटांसमोर गमावलेल्या माशाची व त्यावरील रोजगाराची किंमतही लिहिली गेली पाहिजे. ट्राउट पुन्हा पैदा करता येतो. महाशीरची नदी पुन्हा पैदा करता येत नाही.