इंजिनातले तेल काळे झाले, बदलायचे का?

डिझेल इंजिनात नवे तेल घातले की थोड्याच तासांत काळे पडते. घाबरू नका. तेलातले साफ करणारे द्रव्य काजळी धरून ठेवते, म्हणून रंग बदलतो. तेलात जस्त व फॉस्फरसयुक्त द्रव्यही असते. उष्णतेने आणि घासण्याने त्याचा पातळ थर धातूवर बसतो व झीज अडवतो. हा थर बसायला वेळ लागतो. म्हणून मुदतीआधी तेल बदलले की झीज कमी होतेच असे नाही, पैसे मात्र जातात.

पण मुदत उलटूही देऊ नका. ही द्रव्ये हळूहळू संपतात, काजळी आणि धूळ साचते, मग रिंगा, लायनर, बेअरिंग झिजतात. चाललेले तास वहीत मांडा. पुस्तिकेत सांगितलेल्या तासांना तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. काम धुळीतले असेल तर त्याआधीच. तेल इंजिन गरम असताना काढा, म्हणजे गाळही निघेल.

तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले समजा. पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळले. आधी दोष काढा, मग तेल बदला.

जुने तेल फडक्याने गाळून परत घालू नका. कचरा निघेल, पण संपलेली द्रव्ये परत यायची नाहीत. ते विहिरीजवळ किंवा बांधावरही ओतू नका.